गोळीचं नाव तोंडी यायला हवं

पॅरासिटामॉल, पॅरासिटमोल, पारासिटॉमल, पॅरासेटामॉल, पॅरासिटॅमॉल. नगरच्या माळीवाड्यापासून जामखेडच्या बाजारपेठेपर्यंत कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एकाच गोळीची इतकी रूपं कानावर पडतात. त्याहून जास्त वेळा मात्र नाव घेतलंच जात नाही. ‘तापाची गोळी’, ‘अंगदुखीची गोळी’, ‘ती पांढरी’ एवढ्यावर काम भागवलं जातं. नाव चुकेल आणि समोरचा हसेल, या भीतीनं पदवीधर माणूसही काउंटरवर मोबाइलमधला फोटो पुढे करतो, पण तोंडानं बोलत नाही.

म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. शब्द पाच तुकड्यांत म्हणावा: पॅ – रा – सी – ट – मॉल. इंग्रजी बोलणारे ‘सी’वर जोर देतात आणि त्यानंतरचा ‘ट’ हलका सोडतात. ब्रिटनमध्येच काहीजण ‘सी’च्या जागी ‘से’ म्हणतात आणि शब्दकोशांत दोन्ही उच्चार दिलेले असतात. जर्मन माणूस त्याच जागी ‘त्से’ म्हणतो. मराठीत आपण ‘पॅरासिटामॉल’ लिहितो, सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनानं म्हणतो आणि ते अगदी बरोबर आहे. मराठीत इंग्रजीसारखा एका अक्षरावर ठोसा देऊन बोलण्याची रीत नाही, त्यामुळे ती इथे मुद्दाम आणायची गरज नाही. पाचही तुकडे आले पाहिजेत आणि त्यांचा क्रम बदलता कामा नये. ‘पॅरासिटॉमल’ म्हटलं की शेवटचे दोन स्वर एकमेकांच्या जागी जातात. या गोळीच्या बाबतीत मेडिकलवाला तेवढं समजून घेतो. दुसऱ्या एखाद्या औषधाच्या बाबतीत तेवढीच अदलाबदल महागात पडू शकते. त्याकडे पुढे येऊच.

हे नाव अवघड का झालं, हे एकदा कळलं की ते जिभेवर बसतं. पदार्थाचं रासायनिक नाव आहे पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फेनॉल. ‘पॅरा’ म्हणजे बेंझिनच्या षटकोनी कड्यावर दोन गट अगदी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसलेले. ‘ॲसिटिल’चं नातं व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाशी. आपण ‘ॲसिटिक’ म्हणताना जो ‘सि’ उच्चारतो, तोच पॅरासिटामॉलमधला ‘सि’. आता या लांबलचक नावातून कात्री फिरवा. ‘पॅर’, ‘ॲसिट’, ‘ॲम’ आणि शेवटचा ‘ऑल’ एवढेच ठेवा, बाकीचं गाळा. पॅर-ॲसिट-ॲम-ऑल. झालं पॅरासिटामॉल.

अमेरिकेत त्याच रासायनिक नावावर कात्री दुसरीकडून चालली. तिथे सुरुवातीचा ‘पॅरा’ आणि शेवटचा ‘ऑल’ सोडून मधला भाग उचलला: ॲसिट-अमिनो-फेन. ॲसिटॅमिनोफेन हे त्याचं तिथलं नाव. १९५५ साली टायलेनॉल या ब्रँडनं ते अमेरिकेच्या बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पॅनाडॉल आलं. पदार्थ तोच. कॅनडा आणि जपानमध्येही अमेरिकन नावच चालतं. न्यू जर्सीला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आजीच्या पिशवीत क्रोसिनचं पाकीट असतं, आणि ताप आला की जावई दुकानातून टायलेनॉल आणतो. दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचता आलं नाही, तर आजी सकाळी एक, दुपारी दुसरी घेत राहते आणि दोन वेगळी औषधं घेतोय असं समजते.

हीच चूक घरात बसूनही होते आणि ती फार मोठ्या प्रमाणावर होते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. काँबिफ्लाममध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आहे. सर्दीसाठी जी तयार गोळी मिळते, तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. ताप आहे म्हणून डोलो ६५०, अंग ठणकतंय म्हणून काँबिफ्लाम, नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी: तीन दुखण्यांवर तीन गोळ्या घेतल्या, पण पोटात एकच औषध तीनदा गेलं. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा मानतात. ज्याचं वजन कमी आहे, ज्याला दारूचं व्यसन आहे किंवा यकृताचा आजार आहे, त्याची मर्यादा त्याहून खाली येते. प्रमाणात घेतलं तर हे औषध अतिशय सुरक्षित आहे. प्रमाणाबाहेर गेलं तर यकृत निकामी करू शकतं, आणि पहिले एक-दोन दिवस माणसाला फारसं काही जाणवतही नाही. तिन्ही पाकिटांवर ‘पॅरासिटामॉल’ हा शब्द ओळखता येणं, हा त्यावरचा सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय आहे.

पाथर्डीच्या बाजारातलं एक नेहमीचं दृश्य पाहा. म्हातारी पिशवी सावरत काउंटरशी येते.

“बाळा, अंगदुखीच्या चार गोळ्या दे बरं.”

“कोणत्या, मावशी? मागच्या टायमाला कोणत्या नेल्या होत्या?”

“ती नाही का, पांढरी. लांबडी.”

पोरगा खणातून एक पाकीट काढतो, कात्रीनं चार गोळ्या कापतो आणि कागदी पुडीत घालून देतो. आता त्या पुडीकडे नीट बघा. दहा गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचं नाव, ताकद आणि मुदत एका बाजूला छापलेली असते. कापलेल्या तुकड्यावर नावाचा अर्धा भाग येतो, कधी तोही येत नाही. मावशीच्या हातात आलेल्या चार गोळ्यांना आता नाव उरलेलं नाही. उद्या तिला मळमळायला लागलं आणि ती सरकारी दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांच्या ‘काय घेतलं होतं?’ या प्रश्नाला तिचं उत्तर एकच असणार: पांढरी, लांबडी.

आणि पांढरी लांबडी गोळी नुसत्या पॅरासिटामॉलची असू शकते, डायक्लोफेनॅकची असू शकते किंवा ॲसिक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉलचीही असू शकते. ही औषधं एकमेकांच्या जागी घेण्यासारखी नाहीत. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन हा सुजेवर काम करणारा गट. तो जठराचं आतलं अस्तर सोलवटतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या कामात अडथळा आणतो आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडावर ताण देतो. डेंग्यूचा संशय असेल तर तापासाठी पॅरासिटामॉलच द्यायचं असतं. ॲस्पिरीन आणि आयब्युप्रोफेन टाळायचं असतं, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कणकण आलेला माणूस ‘अंगदुखीची गोळी’ मागतो, तेव्हा त्याच्या हातात यातलं कोणतं पडतं याला फार महत्त्व आहे.

जामखेड, पाथर्डी, शेवगाव भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पहाटे फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मान, कंबर, खांदे यांना विसावा नाही, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. कोपीत एका डब्यात गोळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या रिकाम्या पोटी, कमी पाण्यावर, दिवसामागून दिवस घेतल्या जातात. जठर आणि मूत्रपिंड या दोन्हींसाठी याहून वाईट परिस्थिती सापडणं कठीण. टोळीतल्या बायांना नुसतं ‘गोळ्या खाऊ नका’ सांगणं मला पटत नाही. दुखणं खरं आहे आणि काम टळणारं नाही. डब्यातली कोणती गोळी पॅरासिटामॉलची आणि कोणती डायक्लोफेनॅकची, दुसरी का उपाशी पोटी घ्यायची नाही, हे त्यांना नावानिशी सांगणारं कोणीतरी हवं.

हे जमतं का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा जामखेड म्हणजे दुष्काळी, आडवळणाचा तालुका. खेड्यांत राहून काम करायला शिकलेल्या परिचारिका तयार होईनात, तेव्हा गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बायांपैकी बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कित्येक जणी दलित होत्या, मोलमजुरी करणाऱ्या होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जाऊन गावात काम करायच्या आणि नव्या अडचणी घेऊन पुन्हा यायच्या. अतिसाराच्या बाळाला साखर-मिठाचं पाणी, गरोदर बाईची तपासणी, साध्या औषधांचा वापर, कुष्ठरोग आणि क्षयाची लक्षणं असं सगळं त्या तोंडी शिकल्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांच्या हातात असलेल्या आरोग्यसेवेबद्दल जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना मांडली गेली, तिच्यामागे जगभरातल्या अशा मोजक्या प्रयोगांचं बळ होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला या कहाणीत पुरस्कारापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. औषधाचं नाव हे डॉक्टरांच्या जातीचं नाही, ते कोणाच्याही तोंडी बसू शकतं, हे त्या बायांनी दाखवलं. ज्या समाजात त्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, तिथे लोक त्यांना औषध विचारायला लागले.

त्यांचं शिक्षण कानानं झालं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपली पिढी नाव डोळ्यांनी शिकते, इंग्रजी अक्षरं बघते आणि तिथेच अडखळते, कारण इंग्रजी अक्षरं उच्चार सांगत नाहीत. देवनागरी सांगते. ‘पॅ-रा-सि-टा-मॉल’ असं एकदा मराठीत लिहून दिलं, की चौथीतलं पोर ते आजीला वाचून दाखवू शकतं. त्यासाठी लागणारी ॲ आणि ऑ ही अक्षरं महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमालेत अधिकृतपणे घेतली. ॲस्पिरीन, ॲसिक्लोफेनॅक, मॉल, डॉल: औषधांच्या पेठेत या दोन स्वरांवाचून पान हलत नाही. पाकिटावर मात्र नाव बहुतेक वेळा रोमन लिपीतच सापडतं. ज्या राज्यात दुकानाची पाटी मराठीत असण्याबद्दल इतका आग्रह धरला जातो, तिथे पोटात जाणाऱ्या वस्तूचं नाव मराठीत छापून घेण्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. त्यासाठी मागणी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता या नावांच्या टांकसाळीकडे जाऊ. जगभर एका औषधाला एकच नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं १९५० मध्ये काम हाती घेतलं आणि १९५३ मध्ये पहिली यादी काढली. या नावांवर कोणत्याही कंपनीची मालकी नसते. नाव कसं घडवायचं याचे नियम आहेत, आणि त्यातले काही आपल्या फार सोयीचे आहेत. ‘पीएच’ ही दोन अक्षरं टाळून सरळ ‘एफ’ वापरावा, ‘टीएच’ऐवजी ‘टी’ वापरावा, ‘वाय’च्या जागी शक्यतो ‘आय’ लिहावा. जगातल्या सगळ्या भाषांच्या जिभांना नाव झेपावं हा त्यामागचा हेतू. म्हणूनच फेनिल या गटापासून आलेला तुकडा रासायनिक नावात ‘पीएच’नं लिहितात, पण आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमध्ये तो ‘एफ’नं येतो. उच्चार कसा करायचा हे मात्र ही संघटना ठरवत नाही. ती फक्त अक्षरं ठरवते. अमेरिकेतली नाव ठरवणारी समिती उच्चारही देते, पण तो त्यांच्या देशापुरता. त्यामुळे ‘जगात एकच शुद्ध उच्चार’ अशी चीज औषधांच्या बाबतीत नाही. नगरी तोंडातून निघालेला ‘डायक्लोफेनॅक’ लंडनच्या उच्चाराइतकाच अधिकृत आहे, फक्त त्यातले तुकडे शाबूत हवेत.

आणि तुकडे बोलके असतात. डाय-क्लो-फे-नॅक यात ‘डाय’ म्हणजे दोन, ‘क्लो’ म्हणजे क्लोरीन, ‘फेन’ म्हणजे फेनिल, ‘ॲक’ म्हणजे ॲसिटिक आम्ल. क्लोरीनचे दोन अणू असलेलं, फेनिल गटाचं, ॲसिटिक आम्लाच्या घराण्यातलं औषध. आय-ब्यू-प्रो-फेन यात आयसोब्यूटिल, प्रोपिऑनिक आणि फेनिल बसले आहेत. हे औषध इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं आणि १९६९ मध्ये ते ब्रुफेन नावानं विक्रीला आलं. नावाची शेपटी घराणं सांगते: ‘-प्रोफेन’वाले आयब्युप्रोफेनचे भाऊबंद, ‘-फेनॅक’वाले डायक्लोफेनॅकचे, ‘-ऑक्सिकॅम’ म्हणजे मेलॉक्सिकॅम, पिरॉक्सिकॅम, आणि ‘-कॉक्सिब’ म्हणजे सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब. एकाच वेळी यातल्या दोन गोळ्या समोर आल्या, तर थांबून डॉक्टरांना विचारायचं.

ही शेपटी ओळखण्याचा केवढा उपयोग होऊ शकतो, हे गिधाडांच्या गोष्टीतून कळतं, आणि ती नगरसारख्या दुधाच्या जिल्ह्याच्या अगदी गोठ्यातली गोष्ट आहे. कासदाह झालेल्या, लंगडणाऱ्या, ताप आलेल्या गाईला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देण्याचा प्रघात नव्वदच्या दशकात देशभर पडला. स्वस्त होतं आणि गाय लवकर उभी राहायची. अशी गाय दोन-चार दिवसांत मेली आणि तिचं मढं उघड्यावर टाकलं, तर ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९५ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडायला २००४ साल उजाडलं. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित करावं लागलं.

एवढं होऊनही जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक विकलं जातच होतं. नाव पुन्हा म्हणा: ॲसि-क्लो-फे-नॅक. ‘क्लोफेनॅक’ हा तुकडा तसाच्या तसा आहे. गाई-म्हशींच्या शरीरात गेल्यावर ॲसिक्लोफेनॅकचं रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होतं, हे संशोधनानं दाखवून दिलं, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेनसोबत त्याच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. एका औषधावर बंदी आणून त्याच्या सख्ख्या भावाला सतरा वर्षं मोकळं सोडलं गेलं. शेपटीवरून सगळंच सिद्ध होत नाही, पण ती प्रश्न विचारायला नक्की लावते. गोठ्यात वापरायला मेलॉक्सिकॅम हा पर्याय आहे. तो गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून पाहिलेलं आहे. पशुवैद्यकाला नावानं विचारणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक करता येतो.

ब्रँडची नावं मात्र दुसऱ्या हेतूनं घडतात. क्रोसिन, डोलो, ब्रुफेन यांत दोनच तुकडे आहेत. ती लगेच तोंडात बसतात, लक्षात राहतात, मागितली जातात. त्यात गैर काही नाही. कंपनीनं आपल्या मालाला सोपं नाव द्यावं हे साहजिक आहे. ॲस्पिरीन तर मुळात बायर कंपनीचं १८९९ मधलं व्यापारी नाव. ‘ॲ’ ॲसिटिलचा, ‘स्पिर’ स्पायरिया या वनस्पतीचा, आणि शेवटी त्या काळी औषधांना सर्रास लावायचे तो ‘ईन’. पहिल्या महायुद्धानंतर कित्येक देशांत कंपनीचा त्यावरचा हक्क गेला आणि ते सगळ्यांचं नाव झालं. तीन तुकड्यांचं होतं म्हणून ते खेड्यापाड्यांत रुळलं. त्याचा खरा रासायनिक अवतार, ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड, कोणी मागितला असता असं वाटत नाही. पॅरासिटामॉलचं तसं झालं नाही. पाच तुकड्यांचं खरं नाव मागे राहिलं आणि दोन तुकड्यांची ब्रँडनावं पुढे गेली.

याचा हिशेब पैशात होतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानात औषध मूळ नावानं मिळतं आणि बरंच स्वस्त मिळतं. पण तिथे जाऊन ‘डोलो द्या’ म्हणणाऱ्याला आधी हे समजावं लागतं की डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. पाकिटावर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँटनं मोठं छापावं, असाही नियम २०१८ मध्ये आला. नियमांनी नाव मोठं केलं. वाचणाऱ्याच्या तोंडी ते बसवण्याचं काम शिल्लक आहे, आणि ते करायला सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे आशाताई. तिच्या औषधपेटीत पॅरासिटामॉल असतंच. गोळी हातात देताना ‘तापाची गोळी घ्या’ याऐवजी ‘ही पॅरासिटामॉल, पाचशेची’ एवढं ती म्हणाली, आणि घेणाऱ्याकडून एकदा म्हणवून घेतलं, तर वर्षभरात एक वाडी शिकते. हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात तर पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरीनच्या गोळ्या, कंपनीच्या न फोडलेल्या वेष्टनात, किराणा दुकानातही परवान्याशिवाय विकता येतात. कायद्यानं त्यांना घरगुती औषधांत धरलं आहे. तिथे सांगायला फार्मासिस्ट नसतो. नाव माहीत असणारं गिऱ्हाईक हीच काय ती देखरेख.

सारख्या नावांचा घोटाळा मी वर अर्धा सोडला होता. पोटात कळ येते म्हणून दिलं जाणारं डायसायक्लोमीन आणि सांधेदुखीवर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक, दोन्ही ‘डाय’नं सुरू होतात, दोन्ही दुखण्यावरच देतात, आणि बोलताना दोघांचीही शेपटी गिळली जाते. पहिलं आतड्याची उबळ सैल करतं. दुसरं आधीच दुखणाऱ्या जठराला आणखी दुखवू शकतं. पाळीच्या दुखण्यावरचं मेफेनामिक ॲसिड आणि रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड यांचा शेवट कानाला एकसारखा लागतो. ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनेवरची गोळी आणि ट्रॅझोडोन ही नैराश्यावरची, या जोडीची नोंद तर परदेशातल्या रुग्णालयांनी गफलतीच्या यादीत मुद्दाम करून ठेवली आहे. आपल्याकडच्या चांगल्या रुग्णालयांतही अशा जोड्यांची यादी भिंतीवर लावतात आणि ती औषधं वेगवेगळ्या खणांत ठेवतात. नर्स फोनवर औषध ऐकते तेव्हा तिनं ते परत म्हणून दाखवायचं असतं. तीच सवय घरात लावता येते. डॉक्टरांनी नाव सांगितलं की आपण ते त्यांच्यासमोर एकदा म्हणायचं. चुकलं तर ते तिथेच दुरुस्त करतील. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेताना नाव आणि मुदत छापलेल्या बाजूचा तुकडा मागून घ्यावा. तसा मिळत नसेल तर पुडीवर पेननं मराठीत नाव लिहून मागावं. मागितलं तर लिहून देतात.

नावाबरोबर आकडाही म्हणावा लागतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो नावाइतकाच महत्त्वाचा आहे. पॅरासिटामॉलचं पातळ औषध एकाच ताकदीचं नसतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्याच पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी देतात. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटरच्या आसपास, दुसरीतून तीन, आणि थेंबांच्या बाटलीतून दीडच मिलिलिटर. शेजारणीनं ‘आमच्याला पाच मिली देतो’ म्हणून सांगितलं आणि आपल्या घरात थेंबांची बाटली असली, तर पोराच्या पोटात तिपटीहून जास्त औषध जातं. म्हणून विचारताना पूर्ण विचारायचं: “पॅरासिटामॉल, पाच मिलीत किती मिलिग्रॅम?” आणि सोबत आलेल्या खुणांच्या झाकणानं किंवा ड्रॉपरनंच मोजायचं, चहाच्या चमच्यानं नाही.